मदत हवी आहे: कोरिंगाला पाणचिरा पाहायला कसं जावं?

नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेरीस आईला घेऊन नाशिकहून काकीनाड्याला जातोय. आपली गोदावरी समुद्राला मिळते तिथलं खारफुटीचं कोरिंगा अभयारण्य (स्थापना १९७८) बघायची फार इच्छा आहे. चंबळच्या वाळूवर उन्हाळ्यात वीण करणारा पाणचिरा हिवाळ्यात किनाऱ्यांकडे येतो. खालची चोच लांब, पाणी कापत उडणारा हा पक्षी आता इतका कमी उरलाय की एकदा तरी डोळे भरून पाहायचाय.

ओहोटीला चिखलपट्टे उघडे पडतात, पण पक्षी लांब पांगतात ना? मग भरती चढताना जावं का? होप आयलंड बरं की काकीनाड्याजवळच्या कुंभाभिषेकम या ठिकाणची बाजू? थव्यापासून अंतर राखणारा नाववाला कुणाला माहीत आहे का? आईचे गुडघे दुखतात, तिला नावेत चढणं जमेल?