पहिल्या क्रुसेडचा अभ्यास: क्लेरमाँचं कुठलं भाषण खरं मानायचं?

पानोपानी
पहिल्या क्रुसेडला (जेरुसलेम मुस्लिम सत्तेकडून घेणारी युरोपातल्या ख्रिस्त्यांची लष्करी मोहीम) निघालेली माणसं घरदार सोडून का निघाली, यावर मी निबंध लिहितेय. सुरुवात केली ती पोप अर्बन दुसरा याच्या २७ नोव्हेंबर १०९५ च्या, फ्रान्समधल्या क्लेरमाँच्या भाषणापासून; त्यातच त्याने या मोहिमेची हाक दिली. चार पानं झाल्यावर कळलं की मी ज्याला एक भाषण समजत होते, त्याच्या निरनिराळ्या लेखकांनी दिलेल्या निरनिराळ्या संहिता आहेत. शार्त्रच्या फुल्चरने दिलेल्या भाषणात जेरुसलेमचं नावसुद्धा नाही, पूर्वेकडच्या ख्रिस्ती बांधवांच्या मदतीला जा, एवढंच आहे. भिक्षू रॉबर्टकडे मात्र जेरुसलेम हाच गाभा, आणि ‘देवाची इच्छा आहे’ हा जमावाचा गजरही त्याच्याकडचा. मी दोघांची वाक्यं एकत्र गुंफून बसले होते. ती पानं काढून टाकली. आता भरवसा कुणावर ठेवू? आणि टेम्पलर (लढवय्या भिक्षूंचा संघ) कुठे आणायचे?

दप्तरखाना
काढलीत ते बरं केलंत. ही भाषणं १०९९ मध्ये जेरुसलेम पडल्यानंतर लिहिली गेली, शेवट ठाऊक असलेल्यांनी. त्यापेक्षा अर्बनने डिसेंबर १०९५ मध्ये फ्लँडर्सला धाडलेलं पत्र वाचा. शिवाय क्लेरमाँच्या धर्मसभेचा ठराव पाहा: मानासाठी वा पैशासाठी नव्हे, तर केवळ भक्तीपोटी जो जेरुसलेमच्या चर्चला मुक्त करायला जाईल, त्याचा तो प्रवासच सारं प्रायश्चित्त धरला जाईल.

पण माणसं का निघाली हे शोधायचं तर गहाणखतं वाचा, असं माझं ठाम मत आहे. १२ एप्रिल १०९६ रोजी माँमेर्लचा आशार हा सरदार आपली मालमत्ता क्लूनीच्या मठाकडे गहाण टाकतो. बदल्यात ल्योंच्या चलनातले २००० सॉलिडी आणि चार खेचरं. त्या खेचरांपाशी मी दर वेळी थांबतो. पुढची वाट, तिच्यावरचं ओझं, सगळं त्यांच्यात दिसतं. मग अट येते: यात्रेत मेलो किंवा तिकडेच राहायचं ठरवलं, तर गहाण मालमत्ता मठाची. परतणं, मरणं, तिकडे स्थायिक होणं, तिन्ही शक्यता डोक्यात धरून हा माणूस शस्त्रांसह ‘यात्रेला’ निघालाय. लोभ की श्रद्धा, असे दोन कप्पे इथे पडत नाहीत. मात्र एक सांभाळा, मजकूर मठातल्या लेखनिकाच्या हातचा आहे, तेव्हा भक्तीचे शब्द आशारचेच असतील असं धरू नका. जून १०९९ मध्ये जाफ्याच्या वाटेवरच्या चकमकीत आशार मारला गेला. १५ जुलैला जेरुसलेम पडलं.

शब्दवेडी
‘क्रुसेड’साठी ‘धर्मयुद्ध’ हा शब्द जपून वापरा. आपल्याकडे त्यात नियमाने लढलेलं युद्ध हा अर्थही आहे, तो नकळत आत शिरतो. त्या काळच्या लॅटिन लेखनात ‘वाट’, ‘यात्रा’ असे साधे शब्द येतात.

आणि बाराव्या शतकातला सीरियाचा मुस्लिम सरदार आणि लेखक उसामा इब्न मुनकिध सोडू नका. जेरुसलेममध्ये टेम्पलर त्याला नमाजासाठी जागा मोकळी करून देत. एकदा युरोपातून नुकत्याच आलेल्या एका फ्रँकने (पश्चिमेकडच्या ख्रिस्त्याने) त्याला धरून त्याचं तोंड पूर्वेला वळवलं, ‘अशी प्रार्थना कर’ म्हणून. टेम्पलरांनी त्या फ्रँकला बाहेर काढलं आणि उसामाची माफी मागितली. म्हातारपणी सांगितलेली आठवण आहे, घडवून सांगितलेली असू शकते. तरी नवा आलेला आणि तिथे मुरलेला यांतलं अंतर इतकं स्पष्ट मला दुसरीकडे दिसलं नाही.

जुनी वाट
टेम्पलर तुमच्या निबंधात नकोतच. त्यांचा उगम ११२० च्या आसपासचा, नियमावली मिळाली ती ११२९ मध्ये त्र्वाच्या धर्मसभेत. १०९५ ची कारणं त्यांच्यात कशी सापडतील? पुढे त्यांच्याकडे वळलात तर १३०७ मध्ये फ्रान्समध्ये त्यांना झालेल्या अटकेनंतरचे जबाब छळाच्या छायेत वाचायचे, हे विसरू नका. त्यांचं मध्यवर्ती दप्तर हरवलंय. हॉस्पिटलरांचं (तसाच दुसरा संघ, मुळात आजाऱ्यांची सेवा करणारा) बरंच व्हॅलेटात, माल्टाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, पोप पास्कल दुसरा याची १११३ ची सनदसुद्धा.

पानोपानी
मनापासून आभार. नवी सुरुवात चार खेचरांपासून करते. या क्रुसेडला गेलेल्या ब्ल्वाच्या स्टीफन या फ्रेंच सरदाराने पत्नी अडेला हिला लिहिलेली पत्रं चालतील का?

दप्तरखाना
अवश्य! ती वाटेवरच लिहिलेली आहेत. नाइसियाहून तो लिहितो की वाटेतल्या अँटिऑक शहराने अडवलं नाही तर पाच आठवड्यांत जेरुसलेमला पोचू. अँटिऑकने सात महिन्यांहून जास्त अडवलं, आणि शहर पडायच्या तोंडावर स्टीफन माघारी फिरला. पुढे तो पुन्हा निघाला, ११०२ मध्ये रामल्याला मारला गेला. त्याचं ‘पाच आठवडे’ आधी वाचा, मग आशारची अट.