सत्तर रुपये आणि जाहिराती

वर कोणीतरी म्हटलंय की टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला की इतका कापलेला असतो की बघवत नाही. मान्य, पण आमच्या फोंड्याच्या घरी तो कापलेलाच पाठ झालाय! चवथीला सगळं खटलं जमतं, माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बांधून झाली की नेवऱ्या (म्हणजे करंज्या) तळता तळता आई-काकी हॉलमध्ये डोकावतात, आणि एका वर्षी नेमका सत्तर रुपयांचा सीन सुरू झाला, सुधीर जोशींनी पैशांचं विचारलं आणि अशोक सराफ तोंड उघडणार तेवढ्यात पंख्याची जाहिरात!! पण कोणाचं काही अडलं नाही, काकीने हातात झारा धरूनच 'वारले' असं उत्तर देऊन टाकलं, तेही अशोकमामांच्या टायमिंगने. (नेवऱ्यांचा एक घाणा करपला, ते सोडा.)

डोहाळजेवणाचं गाणं कापतात त्याचा मात्र मला खरंच राग येतो, बाईच्या वेशातल्या लक्ष्याची (लक्ष्मीकांत बेर्डेची) पार्वती त्यात काय लाजलीय राव. पिक्चर १९८८ चा, माझ्या भाचीचा जन्म २०१२ चा, आणि कुठे काय कापलंय ते आता तीच आम्हाला सांगते.