मदत हवी आहे: पडल्यापासून दादाचा स्वभावच पालटलाय

आम्ही देवगडचे. गेल्या वैशाखात आंबे काढताना दादा कलमावरून पडला, कपाळावर आपटला. जखम भरली, हातपाय ठीक. पण कधी आवाज न चढवणारा माणूस आता गड्यांवर खेकसतो, मध्येच रडतो. शेजारी म्हणाले, गाऱ्हाणं घाला. (आईने घातलंही!)

वाचलं की कपाळामागचा मेंदूचा भाग राग-भीतीला लगाम घालतो. १८४८ साली अमेरिकेत फिनिअस गेजच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण ओळखीचे म्हणाले, हा आमचा गेज नव्हेच. अगदी तसंच वाटतं.

रत्नागिरी किंवा कोल्हापुरात न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या इजेमुळे वागण्या-विचारात होणारे बदल तपासणारे मानसशास्त्रज्ञ) कोणी तपासणी करून घेतली आहे का? आणि वहिनीला काय सांगू? तिला वाटतं, तो मुद्दाम करतो.