गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर: रोबोटिक की ओपन (पोट उघडून)? सल्ला हवा

मुक्ता_नाशिक:
मोठ्या जाऊबाईंना (वय ४६) गर्भपिशवीच्या तोंडाचा (सर्व्हायकल) कॅन्सर निघालाय. एमआरआयमध्ये गाठ ३ सेंमी, स्टेज १बी२ (म्हणजे अजून पिशवीच्या तोंडापुरताच). डॉक्टर पिशवी काढायची शस्त्रक्रिया रोबोटिक करू म्हणताहेत: छोटे छेद, रक्त कमी जातं, लवकर घरी. खर्चाला भाऊजी तयार आहेत. मुंबई-पुण्यात कुठे करावी?

खडीसाखर:
माझ्या आईची रोबोटिकच झाली. दुसऱ्या दिवशी उठून चहा मागत होती! बिनधास्त करा.

ओटीतली_ताई:
खडीसाखर, आईंना पिशवीच्या अस्तराचा होता का? तिथे दुर्बीण, रोबोट छान रुळलेत. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं तसं नाही. २०१८ मध्ये 'लॅक' (LACC) चाचणीचे निकाल आले, याच कॅन्सरच्या ६३१ बायकांत ओपन आणि दुर्बीण-रोबोटची तुलना केली होती. साडेचार वर्षांनी आजार न उलटता राहिलेल्या ओपनमध्ये ९६.५ टक्के, दुर्बीण-रोबोटमध्ये ८६. आम्ही सगळे चाटच पडलो. कारण अजून ठरलेलं नाही. पिशवी हलवायला खालून घालतात तो मॅनिप्युलेटर गाठीला घासतो, शिवाय पोटात गॅस भरलेला असताना योनीमार्ग आतून कापला की पेशी सांडतात, असा संशय आहे. चाचणीतल्या दुर्बीण-रोबोट गटात रोबोटच्या केसेस साधारण १६ टक्केच, म्हणून वाद चालू आहे. पण तेवढ्यावर रोबोटला क्लीन चिट मिळत नाही. ३ सेंमीच्या गाठीला मी तरी ओपनच म्हणेन.

अण्णा_मिरज:
अहो, दुर्बिणीच्या या ऑपरेशनची 'पुणे टेक्निक' जगभर माहीत आहे. ते सगळे चुकले म्हणायचे?

ओटीतली_ताई:
तसं नाही अण्णा, हात बसलेल्या सर्जनचे आकडे वेगळे असू शकतात. म्हणून तर मुक्ता, हॉस्पिटल नंतर शोध. आधी सर्जनना विचार: पिशवीच्या तोंडाच्याच कॅन्सरच्या शस्त्रक्रिया किती केल्यात, किती जणींना परत आला, मॅनिप्युलेटर वापरता का. लॅकचं नाव काढल्यावर चिडले तर दुसरा डॉक्टर बघ. आणि मेडिक्लेमवाल्यांना रोबोटिकची मर्यादा विचार, बऱ्याच पॉलिसीत वेगळी असते.

मुक्ता_नाशिक:
बायॉप्सीत 'एलव्हीएसआय पॉझिटिव्ह' लिहिलंय. त्याने फरक पडतो?

ओटीतली_ताई:
पडतो. म्हणजे पेशी बारीक रक्त-लसिकावाहिन्यांत शिरल्यात. गाठीचा आकार आणि खोली धरून, ऑपरेशननंतर रेडिएशन लागायची शक्यता वाढते. दोन्ही सोसण्यापेक्षा सुरुवातीपासून केमो-रेडिएशन बरं का, हे रेडिएशनच्या डॉक्टरांनाही आधीच विचारा. बायॉप्सीच्या स्लाइड्स आणि एमआरआयची सीडी हॉस्पिटलकडून मागून घ्या, नुसत्या रिपोर्टवर टाटात किंवा कुठेही नीट मत मिळणार नाही.