सहा जणींनी शिवलेले तीस चौकोन एकमेकांना जुळत नाहीत, कसे जोडू?

जोडणारी:

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण पूर्ण वाचून सांगा.

आम्ही सात मैत्रिणी. शिवणाच्या वेडापायी ऑनलाइन ओळख झाली, त्याला आता चार वर्षं होतील. अजून एकदाही प्रत्यक्ष भेटलेलो नाही, पण कुणाच्या मशीनचा आवाज कसा येतो हे मला व्हिडिओ कॉलवरून पाठ आहे. आमच्यातली एक गेले सहा महिने आजारी आहे, बहुतेक वेळ अंथरुणातच असते. तिच्यासाठी बाकीच्या सहा जणींनी मिळून गोधडी करायची ठरवली. अट एकच, नवीन कापड आणायचं नाही. प्रत्येकीने घरात साठलेल्या चिंध्यांमधून पाच चौकोन शिवायचे. शिवणीत जाऊन १२ इंच राहायला हवा, म्हणजे जोडण्याआधी साडेबारा. जोडण्याचं काम मी अंगावर घेतलं.

तीसही चौकोन आले. गेले तीन दिवस मी ते जमिनीवर मांडतेय आणि पुन्हा उचलतेय.

माझे आणि आणखी दोघींचे मिळून पंधरा चौकोन साडेबाराच्या आसपास आहेत, त्यांची काळजी नाही. एकीचे पावणेतेरा भरतात. एकीच्या पाचांपैकी दोनांत जुन्या टी-शर्टचं कापड आहे, ते ताणलं जातंय आणि कडा लाटेसारख्या झाल्यात. तिच्याच एका चौकोनात पांढऱ्याला लागून गडद लाल कापड आहे. ओल्या बोटाने नुसतं चोळलं तर बोट गुलाबी झालं.

आणि आक्का. आमच्यात वयाने सगळ्यात मोठी, म्हणून सगळ्या तिला आक्का म्हणतो. तिचे पाचही चौकोन बारा इंचाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी. सहा ओळी, ओळीत सहा तुकडे, छत्तीस तुकड्यांचा एक चौकोन. मागून पाहिलं तर सगळ्या शिवणी एका बाजूला दाबून इस्त्री केलेल्या, एकही धागा लोंबत नाही. एका चौकोनात जांभळ्या फुलांचं कापड आहे. तो तुकडा तिला पुरला नसावा, कारण तो दोन चिंध्या जोडून केलाय, आणि जोडताना अर्धी पाकळी बरोबर अर्ध्या पाकळीला लावलीय. मी तो चौकोन दहा वेळा हातात घेतला तेव्हा कुठे मला मधला जोड दिसला.

मी गटात मापांबद्दल सहज विचारलं. त्यावर आक्काने लिहिलं, "माझे पाच बाजूला ठेव गं, तू दुसरे शिवून लाव." तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. तिचे चौकोन लावल्याशिवाय मी ही गोधडी पुरी करणार नाही. पण सगळे चौकोन तिच्या मापाला कापले तर बाकीच्यांच्या कडेचे तुकडे छाटले जातात, टोकं मोडतात. काय करू?

दोन_सूत:

ताई, मी शिंपीकाम करतो. गोधडी माझा धंदा नाही, पण माप माझ्या रोजच्या हातातलं आहे.

आधी आक्कांच्या मापाचा हिशोब बघा. पाव इंच म्हणजे दोन सूत. एका ओळीत सहा तुकडे म्हणजे पाच शिवणी. तुमचे साडेबारा हवे होते, त्यांचे आले बाराला एक सूत कमी. फरक बरोबर पाच सुतांचा. म्हणजे प्रत्येक शिवणीत एक सूत जास्त गेलंय, दोन्ही कापडांतून अर्धा-अर्धा सूत. दोनाच्या जागी त्यांची दाब (शिवणीच्या बाहेर कडेला राहणारं कापड) अडीच सुतांची पडते, एवढाच हा मामला आहे. मशीनचा पाय पाव इंचाहून किंचित रुंद असेल आणि त्या पायाच्या कडेने शिवत असतील तर असंच होणार.

पाचही चौकोन एकाच मापाचे आलेत म्हणता, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. पावणेदोनशे शिवणींत हात हलला असता तर एक चौकोन बाराचा, एक पावणेबाराचा आला असता. हा हात पक्का आहे. त्यांना हे जरूर सांगा.

आता इलाज. कुठलाच चौकोन छाटू नका, उसवू तर मुळीच नका. तिसांनाही एकाच कापडाची चौकट लावा. २ इंच रुंद पट्ट्या कापा, चौकोनाच्या चारही बाजूंना जोडा, इस्त्री करा, आणि मग सगळे १४ इंचांवर एकसारखे कापा. जे काही छाटलं जाईल ते पट्टीतून जाईल. पावणेतेराच्या चौकोनाभोवती पट्टी पाच सूत दिसेल, आक्कांच्या भोवती इंचाच्या जरा वर. मधल्या चिंध्यांची एवढी गर्दी असते की पट्टीतला हा फरक डोळ्याला कळत नाही. कापताना पट्टीची चारही बाजूंची रुंदी सारखी राहील असा चौकोन मधोमध धरा.

जोडल्यावर एकेक साडेतेराचा राहील. पाच आडवे, सहा उभे लावले तर साडेसदुसष्ट बाय एक्क्याऐंशी. एका माणसाच्या अंगावर भरपूर. पट्ट्यांना ४४ इंच पन्ह्याचं कापड पावणेतीन मीटर धरा. ते आधी धुऊन घ्या म्हणजे आटायचं ते आटेल. पट्ट्या सरळ धाग्यावरच कापा, उरेब, म्हणजे तिरक्या, गेल्या तर चौकट ताणली जाईल आणि परत लाटा येतील.

कच्चा_टाका:

चौकटीला माझाही दुजोरा. मी आमच्या गटाच्या दोन गोधड्या जोडल्यात आणि पहिल्या वेळी चौकट न लावता सगळे चौकोन ओढूनताणून बसवले होते. टाचण्या लावून मोठा चौकोन लहानात 'जिरवला'. ती गोधडी आजही सपाट पसरत नाही, मधे पोट येतं. तेव्हा तो मोह टाळा.

एक भर. मापायच्या आधी सगळे चौकोन पुन्हा इस्त्री करा, पण इस्त्री फिरवू नका, उचलून दाबा. पोस्टातून घड्या होऊन आलेला चौकोन एक-दोन सूत कमी भरतो. तुमचे पावणेतेरा आणि साडेबारा यातला थोडा फरक तिथेच मिटेल कदाचित.

टी-शर्टच्या चौकोनांना मागून पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा. विणलेलं कापड ताणलं गेलंय ते आधी हलक्या हाताने मूळ आकारात आणा, वाफ द्या, गार होऊ द्या, मग फ्युजिंग. आणि आजारी माणसासाठी आहे म्हणून सांगते, मधला थर जाड घेऊ नका. छत्तीस-छत्तीस तुकड्यांच्या शिवणींचंच वजन पुष्कळ होतं. माझी पहिली गोधडी इतकी जड झाली की पांघरणारीला कूस बदलता येईना. पातळ सुती थर पुरे, किंवा मधे जुनी मऊ चादर.

उरेब:

लाल रंगाबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि मला तीच भीती सगळ्यात मोठी वाटते. आजाऱ्याचं पांघरूण वारंवार धुवावं लागतं. पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर आणि शेजारच्या चौकोनांवर उतरला तर सहा जणींच्या कष्टाचं काय होईल!

जोडायच्या आधी त्या एका चौकोनाचा बंदोबस्त करा. कडेने हाताने मोठे गुंडाळटाके घाला म्हणजे धागे सुटणार नाहीत. मग मोठ्या बादलीत गरम पाणी, त्यात धुण्याची पावडर किंवा साबण, आणि चौकोन त्यात मोकळा तरंगू द्या. चोळू नका, पिळू नका. पाणी लाल झालं की बदला. सुटलेला रंग भरपूर साबणाच्या पाण्यात तरंगत राहतो, पांढऱ्याला चटकन धरत नाही. घोळ होतो तो ओला चौकोन घडी करून ठेवल्यावर. लाल पांढऱ्यावर दाबलं जातं आणि तिथेच वाळतं. पाणी स्वच्छ यायला मला एकदा पाच बादल्या लागल्या होत्या, तेव्हा धीर सोडू नका. मीठ किंवा व्हिनेगर घालून सुती कापडाचा सुटणारा रंग पक्का होत नाही, त्यावर विसंबू नका.

एवढं करून ओला पांढरा रुमाल त्यावर ठेवून इस्त्री दाबा. रुमाल पांढराच राहिला तर चौकोन घ्या. गुलाबी झाला तर तेवढे लाल तुकडे उसवून दुसरे लावा, आणि जिचा चौकोन आहे तिला आधी विचारा. न विचारता केलेली दुरुस्ती फार लागते, मी स्वतः त्यावरून एक मैत्रीण दुखावली आहे.

अस्तर:

मला मापाबद्दल थोडं वेगळं बोलायचंय. सुरुवातीलाच 'साडेबारा नसेल तर परत पाठवणार' असं ठरवलं असतं तर ही वेळ आली नसती. अजूनही आक्कांना चौकोन परत पाठवून दुरुस्त करून घेता येतील. त्यांना स्वतःला ते आवडेल कदाचित.

जोडणारी:

@अस्तर, विचार केला होता. पण छत्तीस तुकड्यांच्या पाच चौकोनांतल्या सगळ्या शिवणी उसवून परत घालायच्या म्हणजे तिचे दोन महिने जातील. आणि चिंध्या उसवल्या की कडा विरतात, दुसऱ्यांदा दाबायला कापडच उरत नाही. शिवाय ती पाकळी. ती उसवायला माझा हात धजणार नाही.

उरेब:

बरोबर. यावरून आठवलं. अमेरिकेत १९८७ साली एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ गोधडी सुरू झाली. प्रत्येक माणसाच्या नावाचा एक तुकडा, आणि तुकड्याचं माप सगळ्यांना एकच, ३ फूट बाय ६ फूट. असे आठ तुकडे जोडले की १२ फुटांचा चौरस होतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा पसरली तेव्हा त्यात १,९२० तुकडे होते. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी शिवलेले. आत कुणी त्या माणसाचा शर्ट लावला, कुणी खेळणं, कुणी नुसतं नाव लिहिलं. कुणाला शिवता येत होतं, कुणाला जेमतेम. बाहेरचं माप पक्कं होतं म्हणून आत एवढी मोकळीक देता आली. तुमच्या १४ इंचांच्या चौकटीने तेच काम होणार आहे.

आणि प्रत्येकीला आपापल्या चौकोनावर नाव घालायला सांगा. एकोणिसाव्या शतकात, १८४० च्या सुमारास तिकडे मैत्रिणींच्या सह्यांच्या गोधड्यांची लाटच आली होती, एकेका चौकोनावर शाईने एकेकीचं नाव.

अस्तर:

पटलं. परत पाठवायचं माझं म्हणणं मागे घेते. मांडणीसाठी एक सांगते. तीसही जमिनीवर मांडा, खुर्चीवर उभं राहून फोटो काढा आणि फोनमध्ये तो काळा-पांढरा करा. रंग निघून गेले की कुठे सगळा काळोख एकत्र आलाय आणि कुठे उजेड, ते लगेच दिसतं. चिंध्यांच्या गोधडीत रंग जुळवत बसण्यापेक्षा गडद-फिकं वाटून टाकलं की ती आपोआप शांत दिसते.

जोडणारी:

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे किती आभार मानू!

@दोन_सूत दादा, तुमचा हिशोब जसाच्या तसा आक्काला पाठवला. तिने त्याच रात्री दोन चिंध्या जोडून, उलगडून दाब मोजली आणि फोटो टाकला. बरोबर अडीच सूत. "चाळीस वर्षं मी या पायाच्या कडेने शिवतेय" असं म्हणाली, आणि चौकोन बाजूला ठेवायचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

चौकटीचा रंग आजारी मैत्रिणीनेच निवडला. तिला गोधडीचं सगळं ठाऊक आहे, रोज विचारते कुठवर आलं. मी तीन कापडांचे फोटो पाठवले, तिने राखाडी झाक असलेला निळा सांगितला. मला तो उदास वाटला होता. पण चिंध्यांभोवती लावल्यावर बाकीचे सगळे रंग उठून दिसायला लागले. तिची नजर माझ्याहून बरी.

लाल चौकोनाला सात बादल्या पाणी लागलं. रुमाल शेवटी पांढरा राहिला. टी-शर्टचे दोन्ही फ्युजिंगने सपाट झाले, एकाच्या कोपऱ्यात जराशी सुरकुती आहे, ती तशीच ठेवतेय. काळ्या-पांढऱ्या फोटोत माझेच पाच चौकोन एका कोपऱ्यात काळोख करून बसलेले दिसले, ते पांगवले. आक्काचा पाकळीवाला चौकोन वरून दुसऱ्या ओळीत, मधोमध घेतलाय. उशीला टेकून बसलं की तो बरोबर हाताखाली येईल.

काल सगळं १४ इंचांवर कापून झालं. चार ओळी जोडल्या, दोन उरल्यात. नावं प्रत्येकीने कापडाच्या पट्टीवर दोऱ्याने भरून पाठवायची ठरलीत, ती मागच्या अस्तराला लावेन.

आणि कडेचा गोट आक्का शिवून पाठवणार आहे. सगळीकडून सारखी दाब तिच्याइतकी आमच्यात कुणालाच जमत नाही. घेर २९७ इंच आहे, कोपरे आणि शेवटचा जोड धरून मी तिला ३१० सांगितलेत.