मदत हवी आहे : स्टुडिओ, कार्यालय आणि मंच या तिन्ही ठिकाणी एकाच व्यक्तीचा चेहरा सारखा कसा राखावा?

नमस्कार.

मी व्यक्तिचित्रे, व्यावसायिक आस्थापनांची छायाचित्रे आणि सार्वजनिक कार्यक्रम अशी तिन्ही प्रकारची कामे करते. ही कामे आजवर एकमेकांपासून अलग होती, त्यामुळे प्रत्येकाची पद्धत निराळी असली तरी काही अडत नव्हते. आता एका संस्थेने वार्षिक अंकासाठी आणि संकेतस्थळासाठी तिन्ही कामे एकत्रच माझ्याकडे सोपवली आहेत. प्रत्येक सदस्याचे व्यक्तिचित्र, तीच व्यक्ती आपल्या कामाच्या जागी आणि तीच व्यक्ती वार्षिक कार्यक्रमाच्या मंचावर, अशी तीन छायाचित्रे एकाच पानावर शेजारी शेजारी छापली जाणार आहेत. चाचणीसाठी काढलेली छायाचित्रे अशा रीतीने मांडून पाहिली, तेव्हा तिन्ही चित्रांत तीन निराळी माणसे आहेत असे वाटले. स्टुडिओत जिचा वर्ण तांबूस तपकिरी दिसतो, ती व्यक्ती कार्यालयात छताच्या दिव्यांखाली हिरवट आणि निस्तेज दिसते, तर मंचावर तिचा अर्धा चेहरा जांभळा होतो.

माझ्याकडे पूर्ण आकाराच्या सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, २४-७० आणि ८५ मिलिमीटरची भिंगे, दोन फ्लॅश, एक मोठा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) आणि ग्रे कार्ड (प्रकाश व रंग मोजण्यासाठीचे करडे कार्ड) आहे. सर्व छायाचित्रे मी रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद राहील अशी, घेते. संगणकावर रंग दुरुस्त करता येतात याची मला कल्पना आहे; परंतु कार्यालयातील चित्रांत गाल सुधारावा तर मागची भिंत गुलाबी होते आणि भिंत सुधारावी तर गाल पुन्हा हिरवा पडतो. म्हणून शक्य तितके काम छायाचित्र घेतानाच नीट व्हावे, अशी माझी इच्छा आहे.

पहिली अडचण पट्ट्यांची आहे. नि:शब्द शटर वापरले की काही दिव्यांखाली चित्रावर आडवे गडद पट्टे उमटतात, आणि यांत्रिक शटर वापरले तरी लागोपाठच्या चित्रांची उजळता व रंग बदलत राहतात. दुसरी अडचण वर सांगितलीच आहे : खिडकीचा उजेड एका बाजूने आणि छताचे दिवे वरून, असा मिश्र प्रकाश. तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समूहचित्रात अगदी गोऱ्यापासून गडद सावळ्यापर्यंत सर्व वर्णांची माणसे एकत्र उभी असतात. कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन कधी एकाचा चेहरा पांढराफटक करते, तर कधी दुसऱ्याचे डोळेही दिसेनासे होतात. त्यातच संस्थेकडून ‘सगळ्यांना थोडे उजळ करून द्या’ अशी सूचना आली आहे. माणसाने आपले छायाचित्र पाहावे आणि त्यात स्वतःलाच ओळखावे, इतकी साधी अपेक्षा पूर्ण करणे हे मी माझे काम मानते. त्यामुळे ही सूचना मला पटत नाही, पण ती कशी हाताळावी हेही कळत नाही.

ज्यांनी अशी मिश्र कामे केली आहेत त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद

नमस्कार. पट्ट्यांचे कारण समजले की उपाय अवघड नाही, म्हणून आधी तेवढे सांगतो.

वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि पुष्कळसे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. ६० हर्ट्झचा असेल तर १२० वेळा. नि:शब्द, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एका दमात वाचला जात नाही, तर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. त्या अवधीत दिव्याचे तेज वरखाली झाले की त्याचेच पट्टे उमटतात. यांत्रिक शटरमध्ये हा फरक एका चित्राच्या आत फारसा दिसत नाही, पण एक चित्र तेजाच्या शिखरावर आणि दुसरे उतारावर सापडते. शिवाय ट्यूबमधील निरनिराळ्या रंगांचे फॉस्फर (उजेड देणारे लेप) सारख्या वेगाने विझत नाहीत, म्हणून उजळतेबरोबर रंगही बदलतो. यासाठी ५० हर्ट्झला १/५० किंवा १/१०० आणि ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२० सेकंद ठेवावे, म्हणजे प्रत्येक चित्रात दिव्याची आवर्तने पूर्ण येतात. हालचाल गोठवण्यासाठी त्याहून वेगवान शटर हवेच असेल, तर कॅमेऱ्यातील फ्लिकर कमी करण्याची सोय चालू करावी. ती तेजाच्या शिखराची वाट पाहून शटर सोडते. मंद केलेले काही एलईडी दिवे मात्र याहून कितीतरी जास्त वारंवारतेने उघडझाप करतात आणि त्यांच्यापुढे ही सोय चालत नाही. अशा जागी यांत्रिक शटर आणि त्यातल्या त्यात संथ वेग हाच खात्रीचा मार्ग होय.

कार्यालयातील मिश्र प्रकाशाबाबत माझे मत ठाम आहे : दोन रंगांचे प्रकाश एकाच चेहऱ्यावर पडू देऊ नयेत, कारण व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची रंगांची जुळवणी) संपूर्ण चित्राला एकच लागू होतो. शक्य असेल तेथे छताचे दिवे बंद करवून घ्यावेत. मग खिडकीचा उजेड आणि फ्लॅश उरतात, आणि दोन्हींचे रंगतापमान (प्रकाशाच्या छटेचे माप) साधारण ५५०० केल्विनच्या आसपास असल्याने त्यांचे जमते. दिवे बंद करणे शक्यच नसेल, तर १/२०० सेकंद, ॲपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ ५.६ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० ठेवून आधी फ्लॅशशिवाय एक चित्र घ्यावे. ते जवळजवळ काळे आले, तर छताच्या दिव्यांचा रंग चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही असे समजावे आणि मग फ्लॅश लावावा. यात मागची जागा अंधारते, हा दोष आहे. जागाही दिसायला हवी असेल तर उलट बाजूने जावे, म्हणजे फ्लॅशलाच दिव्यांच्या रंगाचे जेल (रंगीत पारदर्शक आवरण) लावावे : पिवळ्या दिव्यांसाठी नारिंगी, हिरवट ट्यूबसाठी हिरवे. मग सर्वच प्रकाश एका रंगाचा होतो आणि ग्रे कार्डवर घेतलेला एकच व्हाइट बॅलन्स भिंतीला आणि गालाला सारखाच लागू पडतो. अशा वेळी खिडकीचा पडदा ओढून घ्यायला विसरू नये.

आणखी एक गोष्ट. काही एलईडी दिव्यांखाली व्हाइट बॅलन्स अचूक असूनही त्वचा निर्जीव दिसते. दिव्याच्या खोक्यावर छापलेला सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) हा ठरावीक आठ फिक्या रंगनमुन्यांच्या गुणांची सरासरी असतो आणि गडद लाल रंगाचा आर-९ हा नमुना त्यात धरलेलाच नसतो. त्वचेचा जिवंतपणा तर मुख्यतः लाल रंगातच असतो. त्यामुळे चांगला आकडा छापलेल्या दिव्याखालीही ओठ आणि गाल फिके पडू शकतात. तेथे दुरुस्तीच्या मागे न लागता आपला स्वतःचा प्रकाश वापरावा.

प्रतिसाद

समूहचित्राच्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहिते, कारण मूळ अडचण तेथेच आहे असे मला वाटते.

कॅमेऱ्याचे मापन परावर्तित प्रकाशावर चालते. समोर जे असेल ते सरासरीने मध्यम करडे आहे, असे ते धरून चालते. गोरा चेहरा मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप (म्हणजे दुपटीने) उजळ असतो, तर गडद चेहरा त्याच्या आसपास किंवा त्याहून खाली असतो. म्हणून केवळ चेहऱ्यावर मापन केले तर कॅमेरा गोऱ्याला काळवंडतो आणि सावळ्याला उजळतो; आणि चेहरा ओळखून मापन करण्याची सोय चालू असेल, तर कोणाचा चेहरा सापडला त्याप्रमाणे दर चित्राला निकाल बदलतो. ही सोय बंद करावी. चेहरा मोजण्याऐवजी चेहऱ्यावर पडणारा प्रकाश मोजावा : हाताच्या मीटरने, किंवा माणसे उभी राहणार त्या जागी ग्रे कार्ड धरून. त्यानंतर शटर, ॲपर्चर आणि आयएसओ हाताने पक्के करून ठेवावेत. सर्वांवर पडणारा प्रकाश सारखा असेल, तर प्रत्येक वर्ण आपोआप आपल्या जागी बसतो. गोऱ्या आणि गडद त्वचेतील फरक दोन-तीन स्टॉपचा असतो आणि आजचे सेन्सर बारा स्टॉपहून अधिक पल्ला सहज पेलतात. त्यामुळे दोघांपैकी एकाचा बळी द्यावा लागतो, ही समजूत खरी नाही.

बहुतेक वेळा प्रकाशच सर्वांवर सारखा पडलेला नसतो, आणि खरी गफलत होते ती तेथे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. सॉफ्टबॉक्स पहिल्या माणसापासून एक मीटरवर आणि शेवटच्यापासून दोन मीटरवर असेल, तर शेवटच्याला चौथा हिस्साच मिळतो. तोच सॉफ्टबॉक्स मागे नेऊन पहिल्या माणसापासून चार मीटरवर ठेवला आणि शेवटचा माणूस पाच मीटरवर असला, तर त्याला पहिल्याच्या ६४ टक्के प्रकाश मिळतो, म्हणजे फरक जेमतेम दोन-तृतीयांश स्टॉपचा राहतो. सॉफ्टबॉक्सचे तोंड जवळच्या माणसाकडे न रोखता दूरच्या टोकाकडे वळवले की तोही बराचसा भरून निघतो. त्यामुळे समूहासाठी दिवा दूर, उंच आणि शक्य तितका मोठा असावा.

सावळ्या आणि गडद त्वचेसाठी केवळ प्रकाश वाढवणे हा उपाय नव्हे. अशा चेहऱ्याचा आकार सावल्यांपेक्षा त्वचेवरच्या चमकेतून अधिक उमटतो. मोठा प्रकाशस्रोत जरा बाजूला ठेवला की कपाळ, गालाचे हाड आणि नाक यांवर रुंद, मऊ चमक येते आणि चेहरा घडीव दिसतो. मागचा पडदा काळा असेल तर केसांवर मागून थोडा प्रकाश द्यावा, नाहीतर डोक्याची कड पडद्यात हरवते. आणि चित्र कमी प्रकाशात घेऊन नंतर संगणकावर वर ओढू नये; त्वचा राखेसारखी करडी होते आणि सावल्यांत रंगीत कण दिसू लागतात.

‘उजळ करून द्या’ या सूचनेला मी नकार देईन, परंतु समजावून देईन. एकाच व्यक्तीची दोन छापील चित्रे त्यांच्यासमोर ठेवावीत : एक नीट प्रकाशात घेतलेले आणि दुसरे उजळ केलेले. आपल्या संस्थेतील माणूस कोणत्या चित्रात दिसतो, हे मग त्यांनाच विचारावे. पुष्कळदा त्यांना गोरेपणा नको असतो, चेहरा स्पष्ट दिसायला हवा असतो, आणि तेवढे चांगला प्रकाश देतोच. सर्वांसाठी एक नियमही आधीच लिहून द्यावा : चार दिवसांत जाणारी पुटकुळी काढली जाईल, तीळ, व्रण, सुरकुती आणि वर्ण यांना हात लावला जाणार नाही. ज्याला त्यात बदल हवा असेल त्याने स्वतः सांगावे, संस्थेने त्याच्या वतीने नव्हे. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना गोऱ्या स्त्रीचे चित्र असलेली कार्डे पाठवत असे आणि कित्येक वर्षे इतरांची त्वचाही त्याच मापाने छापली गेली. आज तशी कोणतीही सक्ती साधनांची नाही, त्यामुळे तोच अन्याय पुन्हा करण्याला सबबही उरलेली नाही.

धागालेखिकेचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे कार्यालयात छताचे दिवे बंद करून खिडकी आणि फ्लॅश यांवर पुन्हा चाचणी घेतली. भिंत आणि गाल यांचा झगडा मिटला, आणि ही चित्रे स्टुडिओतील चित्रांशेजारी ठेवली असता माणूस तोच वाटतो. समूहासाठी दिवा मागे नेल्यावरही फरक स्पष्ट दिसला.

आता दोन प्रश्न उरतात. मंचावरचे रंगीत एलईडी दिवे माझ्या हातात नाहीत, आणि भाषण चालू असताना वक्त्याच्या तोंडावर फ्लॅश मारणे मला प्रशस्त वाटत नाही. रॉ चित्रात व्हाइट बॅलन्स कितीही फिरवला तरी जांभळा चेहरा नेहमीच्या रंगावर येत नाही, हे असे का होते? दुसरे, पडद्यावर योग्य वाटणारी चित्रे चाचणी छपाईत गडद आणि किंचित लालसर आली आहेत.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. मॉनिटर बहुधा फार प्रखर ठेवलेला असावा. मापनयंत्राने तो डी-६५ (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित पांढरा) आणि सुमारे १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर इतक्या उजळतेवर जुळवून घ्यावा. संकेतस्थळासाठी एसआरजीबी (पडद्यांसाठीचा प्रमाणित रंगसंच) पुरेसे आहे; छपाईसाठी छापखान्याकडून त्यांच्या कागदाचे प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतील याची संगणकीय नोंद) मागून त्यावर चित्र तपासावे. त्वचेतील छपाईच्या शाईंचे आकडे वाचताना पिवळा मॅजेंटाइतका (किरमिजी शाईइतका) किंवा थोडा अधिक असावा, आणि गोऱ्या त्वचेत सायन (निळसर हिरवी शाई) मॅजेंटाच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाइतका असावा. वर्ण गडद होत जाईल तसा सायन वाढतो. मॅजेंटा पिवळ्याच्या पुढे गेला असेल, तर लालसरपणाचे कारण तेथेच सापडेल.

मंचाबाबत वस्तुस्थिती अशी की पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग असतात, तर रंगीत एलईडी दिवा वर्णपटातील एक-दोन अरुंद पट्टेच देतो. निळ्या दिव्याच्या उजेडात चेहऱ्यावरून लाल प्रकाश परततच नाही, कारण तो तेथे पडलेलाच नसतो. व्हाइट बॅलन्स फक्त उपलब्ध रंगांचे प्रमाण बदलतो. जे सेन्सरपर्यंत पोहोचलेच नाही ते तो निर्माण करू शकत नाही. शिवाय अशा प्रकाशात निळी किंवा लाल वाहिनी (त्या एका रंगाची नोंद) एकटीच मर्यादेबाहेर जाते आणि एकत्रित हिस्टोग्राममध्ये (उजळतेच्या आलेखात) ते लक्षात येत नाही. तिन्ही वाहिन्यांचा स्वतंत्र हिस्टोग्राम लावून ठेवावा आणि जी वाहिनी सर्वांत पुढे असेल तिच्या हिशेबाने प्रकाश कमी करावा.

खरा उपाय मात्र कार्यक्रमाच्या आधी करायचा असतो. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या व्यक्तीला तालमीच्या वेळीच भेटावे आणि वक्ता बोलत असताना समोरून पांढरा प्रकाश द्यावा, रंगीत दिवे मागच्या पडद्यापुरते ठेवावेत, अशी विनंती करावी. मंचाची शोभा त्यामुळे कमी होत नाही आणि प्रेक्षकांनाही चेहरा नीट दिसतो, हे सांगितले तर सहसा कोणी नकार देत नाही. तो प्रकाश सुरू असतानाच ग्रे कार्डचे एक चित्र घेऊन ठेवावे. विनंती मान्य झाली नाही, तर मंचावरची रंगीत चित्रे कार्यक्रमाच्या वातावरणासाठी, मोठ्या दृश्यांसाठी वापरावीत. शेजारी शेजारी येणाऱ्या तीन चित्रांसाठी मात्र वक्ता मंचावर जाण्यापूर्वी विंगेजवळ, फ्लॅश पांढऱ्या भिंतीवर उसळवून, मंच मागे दिसेल अशा जागी त्याचे एक चित्र घ्यावे. संस्थेला याची कल्पना आधी द्यावी, म्हणजे सदस्य दोन मिनिटे लवकर येतील.