सोलरवाले, मे महिन्यात नागपुरात येऊन दाखवा

महालकर: काल इथं एकानं टाकलं, 'तीन किलोवॅट बसवा, ७८,००० सबसिडी घ्या, वीज कायमची फुकट.' डोकं फिरलं म्हणून लिहून राहिलो. फुकट काय आहे भाऊ? स्थिर आकार बिलात येतेच. अन् लाइट गेली की ऑनग्रिड, म्हणजे बिनबॅटरीचं, वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं सोलरही बंद! मागच्या मे महिन्यात भर दुपारी तीन तास लाइट नव्हती. वर पॅनल चमकून राहिले होते अन् खाली मी पेपरानं वारा घेत होतो. शेजारी विचारते, 'काहून, तुमच्याकडे तर सोलर आहे ना?'

मनीषनगर_४४: लाइनमन खांबावर असताना तुमच्या गच्चीवरून उलटा करंट गेला तर? म्हणून बंद होते. बॅटरीवालं हायब्रिड घ्यायचं होतं. तेव्हा पैसे वाचवले, आता रडा.

महालकर: बॅटरीचे पैसे तुम्ही देता का? अन् उन्हाळ्यात पॅनल तापून ६५ डिग्रीवर गेलं की सातवा हिस्सा वीज तिथंच गेली. यांना वाटते जितकं ऊन तितके युनिट!

कोराडीरोड: आमच्याकडे या. आठवड्यात पॅनलवर वीज केंद्राच्या राखेत बोटानं नाव लिहिता येते. बोअरच्या पाण्यानं धुतलं तर पांढरे डाग.

गच्चीवाली_काकू: ते सगळं राहू द्या. कुरोड्या कुठं वाळवायच्या? पोरानं अख्खी गच्ची झाकून टाकली.

मनीषनगर_४४: काकू, आठ फूट उंच स्ट्रक्चर घ्यायचं. खाली मस्त सावली.

गच्चीवाली_काकू: सावलीत कुरोड्या वाळतात का रे? घरी विचार.

मनीषनगर_४४: आमच्याकडे विकत आणतात.

गच्चीवाली_काकू: मग वीजही विकतच घे ना बाप्पा!

तिसरा_मजला: निदान तुम्हाला गच्ची आहे. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवर दोन वर्षं भांडण सुरू आहे, सोलरचं नाव कोण काढणार?

मनीषनगर_४४: विषय कुरोड्यांचा नाही! महालकर, तुमचं बिल किती येत होतं, आता किती येते? खरं सांगा.

महालकर: ३,२०० चं ४०० झालं. झालं समाधान? पण वापरून उरलेले, वीज कंपनीच्या लाइनमध्ये गेलेले युनिट ३१ मार्चला कवडीमोलानं जातात, हेही लिहा. 'फुकट' म्हणू नका, एवढंच. अन् काकू, पॅनलचं तोंड दक्षिणेला असते, सावली मागं पडते. माझ्या गच्चीवर समोरचा पट्टा दिवसभर उन्हात राहते. कुरोड्या घेऊन या, मला वाटीभर चीक द्या. मनीषनगरवाल्याला नको, तो विकतचा खाईल.